मेनफ्रेमच्या टीममध्ये बदली झालीय, सुरुवात कुठून करू? (आणि आजीच्या डब्यातल्या कार्डांचं काय करू?)

कर्नल_कोथरूड

नमस्कार मंडळी. सहा वर्षं लिनक्स सांभाळतोय. मागच्या महिन्यात 'तुला काहीतरी नवीन शिकायला मिळेल' असं गोड बोलून कंपनीनं मला मेनफ्रेमच्या (बँका वापरतात त्या अजस्र संगणकांच्या) टीममध्ये ढकललं. क्लायंट परदेशी बँक, सिस्टिम झेडओएस (आयबीएमची मेनफ्रेमवरची ऑपरेटिंग सिस्टिम). आमचे एकुलते एक अनुभवी सिसप्रोग (सिस्टिम प्रोग्रॅमर) काका मार्चअखेर निवृत्त होतायत, म्हणजे माझ्या हातात पाच महिने. पहिल्याच दिवशी साधी फाइल बनवायला गेलो तर तो काळा पडदा विचारतो, किती सिलिंडर हवेत? मनात म्हटलं, घरी एक भरलेला आहे, एक रिकामा.

विचारायचं असं, की घरच्या लॅपटॉपवर सराव करता येतो का, आणि पाच महिन्यांत आधी काय धरू नि काय सोडू?

शिवाय एक अवांतर. माझी आजी लग्नाआधी मुंबईत एका कचेरीत पंच ऑपरेटर होती. दिवाळीच्या साफसफाईत डोंबिवलीच्या माळ्यावरून तिचा बिस्किटांचा डबा निघाला. आत शंभरेक पंच कार्डं आणि एक पिवळं प्लास्टिकचं कडं, बांगडीपेक्षा बरंच मोठं. बऱ्याच कार्डांच्या उजव्या कडेला बारीक अर्धगोल खाच आहे. वर अक्षरं छापलेली नाहीत, नुसती भोकं. हे ठेवावं, की कुणाला द्यावं?

खारे_दाणे

खाच म्हणजे उंदीर. डब्याचं झाकण नीट लावत जा. बाकी मेनफ्रेम वाय-टू-केनंतर वारली असं ऐकून होतो. तेरावं झालं नाही वाटतं अजून?

सॉकसेव्हन

खारे_दाणे, तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथं एकदा चौकशी करा.

कर्नल, बावीस वर्षं याच धंद्यात आहे, तेव्हा जरा लांबड लावतो.

सरावासाठी दोन वाटा आहेत आणि दोन्ही लागतील. पहिली म्हणजे हर्क्युलिस. हा एम्युलेटर रॉजर बोलर यांनी सुरू केला, १९९९ पासून लोक वापरतायत, साध्या लॅपटॉपवर आरामात पळतो. त्यावर झेडओएसची जुनी पूर्वज एमव्हीएस ३.८जे चालते. टीके४ किंवा टीके५ नावाचं तयार पॅकेज उतरवून घे, अर्ध्या तासात सिस्टिम उभी राहते. मात्र झेडओएस त्यावर चढवायला जाऊ नकोस, हर्क्युलिसवर चालवायला आयबीएम परवाना देत नाही. दुसरी वाट आयबीएमचंच झेडएक्सप्लोर. फुकट आहे, खऱ्या झेडओएसवर खातं मिळतं आणि व्हीएस कोड एडिटरमधून झोवे हे जोडणीचं साधन लावून काम करता येतं, त्यामुळे तुला फार परकं वाटणार नाही.

लोक विचारतात, झेडएक्सप्लोर असताना ते जुनंपानं एमव्हीएस कशाला? कारण झेडएक्सप्लोरवर तू भाडेकरू असतोस. हर्क्युलिसवर घरमालक तू, ऑपरेटर तू आणि रात्री पाणी गेलं तर ओरडा खाणाराही तूच. आयपीएल (क्रिकेटचं नव्हे, सिस्टिम चालू करणं) स्वतः करायचं, कन्सोलवर प्रश्न आला की उत्तर द्यायचं, जेस२ (जॉब रांगेत लावून चालवणारी यंत्रणा) नीट बंद करायची, मुद्दाम स्पूल (जॉब आणि त्यांचं आउटपुट साठवायची तिची जागा) भरून बघायचा. ऑफिसच्या मशीनवर हे कुणी करू देईल का?

आता तुझे सिलिंडर. डिस्कच्या तबकड्या एकावर एक, आणि सगळ्या पृष्ठभागांवरचे एकाच अंतरावरचे ट्रॅक मिळून एक सिलिंडर. डोकी न हलवता जेवढं वाचता येतं तेवढं. ३३९० डिस्कचा एक ट्रॅक ५६,६६४ बाइटचा, पंधरा ट्रॅकचा एक सिलिंडर. तू जेसीएलमध्ये (जॉब चालवायच्या आज्ञांची भाषा) दहा सिलिंडर प्राथमिक आणि पाच दुय्यम असं मागतोस, तेव्हा जागा आधीच राखून ठेवली जाते. संपली की दुय्यम तुकडे मिळत जातात. साध्या डेटासेटला (म्हणजे फाइलला) एका व्हॉल्यूमवर सोळाच तुकडे, ते संपले की जॉब बी३७ (जागा संपल्याचा एरर) देऊन आडवा. गंमत म्हणजे तुमच्या डेटा सेंटरमध्ये आज खरी ३३९० असणारच नाही. आत फ्लॅश आहे, पण बाहेरून ते कपाट ३३९० असल्याचं सोंग निष्ठेनं वठवतं. लिनक्सवाल्याला हा वेडेपणा वाटतो. मलाही वाटायचा. पण १९६४ साली सिस्टिम ३६० आली तेव्हापासून 'जुना प्रोग्रॅम चाललाच पाहिजे' हा शब्द पाळायचा म्हटलं की हे सोंग ओघानं येतं.

तुझं ते कडं म्हणजे राइट रिंग. टेपच्या रिळाच्या पाठीमागे खाचेत बसायचं. कडं असेल तरच टेपवर लिहिता येतं, नाहीतर फक्त वाचायचं. 'नो रिंग, नो राइट'. जपून ठेव, टेबलावर चहाच्या कपाखाली घेऊ नकोस.

तिसरी_पाळी

सॉकसेव्हन यांच्याशी सहमत, पण क्रम माझ्या मते चुकलाय. हर्क्युलिस एप्रिलमध्येही तिथंच असेल. काका नसतील.

कर्नलदादा, मी अकरा वर्षं ऑपरेशन्सला होते, बहुतेक रात्रपाळी. आमच्याकडे (कुठे ते विचारू नका) असेच एक सर निवृत्त झाले. निरोपसमारंभ, शाल, नारळ, सगळं झालं. दीड महिन्यानं आवृत्ती वाढवली, आणि वर्षअखेरीच्या रात्रीचे निम्मे जॉब भलत्याच क्लासमध्ये (रांगेत) जाऊन बसले. शोधता शोधता कळलं की सरांनी जेस२ला एक एक्झिट (आपल्या सोयीनं जोडलेला छोटा प्रोग्रॅम) लावलेला होता, असेंब्लरमध्ये, जॉबचं नाव बघून क्लास बदलणारा. सोर्स त्यांच्या स्वतःच्या डेटासेटमध्ये, आणि त्यांचा आयडी आम्ही नियमाप्रमाणे चोख काढून टाकलेला. बॅकअपमधून तो सोर्स मिळवेपर्यंत पहाट झाली.

म्हणून उद्याच वही घेऊन काकांच्या शेजारी खुर्ची टाका. एक्झिट कुठले, युजरमॉड (आपण केलेले स्थानिक बदल) कुठले, त्यांचा सोर्स कुठे, हे सगळ्यात आधी. मग पार्मलिब, म्हणजे सिस्टिमच्या सेटिंग्जची लायब्ररी. त्यात काय आहे ते तुम्हाला दिसतंच, पण 'हा आकडा असा का?' हे फक्त त्यांना माहीत आहे. त्यांचं उत्तर त्यांच्यासमोरच कॉमेंट म्हणून लिहा. आणि जमलं तर आयपीएलच्या रात्री नुसते उभे राहा. आयपीएल म्हणजे रीबूट एवढंच डोक्यात असेल तर ते काढा. आमच्याकडे तो महिन्यातून एकदा, रविवारी, पंधरा जणांच्या सहीनं व्हायचा.

काकांना चहा पाजा. हे लोक दमले की खरं बोलतात.

कर्नल_कोथरूड

तिसरी_पाळी ताई, अंगावर काटा आला. काकांना आजच विचारलं, "एक्झिट किती आहेत?" ते म्हणाले, "चार." मग थोड्या वेळानं माझ्या जागेपाशी येऊन म्हणाले, "सहा." त्यातल्या एकाचा सोर्स बहुतेक छापील कागदावर आहे.

आणखी एक. एसएमपीई (झेडओएसवर सॉफ्टवेअर आणि दुरुस्त्या बसवायचं साधन) कुणी समजावेल का? मला ते लिनक्सच्या यम या पॅकेज मॅनेजरसारखं वाटलं म्हणालो तर काका हसले.

सॉकसेव्हन

ताईंचा क्रम बरोबर, माझा मागे घेतो.

एसएमपीईचं थोडक्यात असं. रिसीव्ह केलं की माल गोदामात आला. अप्लाय केलं की चालत्या लायब्ररीत बसला. अ‍ॅक्सेप्ट केलं की कायमचा झाला. अप्लायपर्यंत रिस्टोअर करून मागे येता येतं, अ‍ॅक्सेप्टनंतर ती वाट बंद. म्हणून अप्लायआधी अप्लाय चेक, त्याचा रिपोर्ट शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, होल्डडेटा (कुठली दुरुस्ती का अडवलीय त्याची नोंद) वाचायचा, आणि अ‍ॅक्सेप्टची घाई कधीच नाही. आणि चालत्या सिस्टिमच्या लायब्ररीवर थेट अप्लाय करणाऱ्याला आमच्याकडे पार्टी द्यावी लागते. निरोपाची.

वाचायला आयबीएमच्या रेडबुक्समधली 'एबीसीज ऑफ झेडओएस सिस्टिम प्रोग्रॅमिंग' ही मालिका, फुकट मिळते. पहिल्या खंडापासून क्रमानं सगळी वाचायचा संकल्प सोडू नकोस, म्हणजे करूच नकोस. जे अडलं तेवढं वाच.

थोडं असेंब्लर मात्र शीक. सुरुवातीला आयईएफबीआर१४ बघ. काहीही न करणारा प्रोग्रॅम, एकच सूचना: आलास तिथं परत जा. त्यातही बग निघाला! परत जाताना रजिस्टर १५ शून्य करायचं राहिलं होतं, त्यामुळे काही न करता तो अपयशाचा कोड देऊ शकायचा. दुरुस्तीत एका सूचनेच्या दोन झाल्या. हा बग नीट समजला की लिंकेज (एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला हाक मारून परत यायची पद्धत) समजलं म्हणून समज.

खारे_दाणे

काहीही न करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बग. आमच्या ऑफिसात असा एक माणूस आहे.

बे_एरिया_बंड्या

धागा वाचून राहवलं नाही. माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये दोन आयबीएम १४०१ (जुने संगणक) दुरुस्त करून चालू ठेवलीत, इकडे येणं झालं तर प्रात्यक्षिक चुकवू नका. शेजारी १४०२, मिनिटाला आठशे कार्डं वाचणारा. आवाज गिरणीसारखा. तिथल्या निवृत्त मंडळींशी गप्पा मारल्या की जेसीएलचं सगळं व्याकरण उलगडतं. ओळीच्या सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा, ७१ व्या कॉलमला संपणारी ओळ, डीडी स्टार (पुढच्या ओळींत डेटा येतोय ही खूण). सगळी कार्डंच आहेत. फक्त पुठ्ठा गेला.

आणि ७३ ते ८० कॉलम म्हणजे कार्डाचा अनुक्रमांक. गठ्ठा हातातून पडला तर सॉर्टरमधून काढून पुन्हा लावता यावा म्हणून. काहीजण गठ्ठ्याच्या माथ्यावर मार्करनं तिरकी रेघही मारायचे, एखादं कार्ड इकडचं तिकडे झालं की रेघ तुटलेली दिसायची. कोबॉलचा कंपायलर आजही फिक्स्ड फॉर्मॅटमध्ये त्या आठ कॉलमांकडे बघत नाही. पुण्यात वाय-टू-केच्या कामावर असताना माझ्या एका वाक्याचा पूर्णविराम नेमका ७३ व्या कॉलमात गेला. पडद्यावर मला दिसतोय, कंपायलरला नाही. पुढचं अख्खं वाक्य इफच्या पोटात शिरलं. दोन रात्री गेल्या.

भारतात जतन केलेलं काय बघता येईल ते इथल्यांनी सांगावं. टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था), कुलाब्याला, १९६० साली आपल्याच लोकांनी टिफ्रॅक हा संगणक उभा केला होता. निर्वात नळ्यांचा, आणि स्मृती २,०४८ शब्दांची, शब्द ४० बिटांचा. म्हणजे दहा केबी. या धाग्यावर आत्तापर्यंत त्याहून जास्त लिहून झालंय.

पंच_काकू

मी सहसा फक्त वाचते. नातवानं टायपिंग लावून दिलंय, चुका पोटात घाला.

कर्नल बाळा, ती खाच उंदराची नाही. ती व्हेरिफायरची आहे. एकीनं कार्डं पंच केली की गठ्ठा दुसरीकडे जायचा. ती तोच कागद समोर ठेवून तीच कार्डं व्हेरिफायरवर पुन्हा टाइप करायची. ते यंत्र भोक पाडत नाही, नुसतं ताडून बघतं. जुळलं नाही की लाल दिवा लागून कीबोर्ड अडायचा. पुन्हा पुन्हा चुकलं तर त्या कॉलमच्या डोक्यावर वरच्या कडेला खाच. सगळं कार्ड जुळलं तरच उजव्या कडेला खाच पडायची. तुझ्या डब्यातल्या कार्डांवर ती आहे म्हणजे आजीचं काम पास झालेलं आहे.

वर छपाई नाही म्हणजे न छापणारं पंच असेल. भोकं वाचता येतात. कार्ड खिडकीशी धर, कापलेला कोपरा डावीकडे वर. सगळ्यात वरच्या ओळीला १२ म्हणायचं, तिच्याखालचीला ११, मग शून्य ते नऊ छापलेलेच असतात. कॉलमात एकच भोक असेल तर तो आकडा. १२ आणि खाली १ ते ९ असेल तर ए ते आय. ११ बरोबर १ ते ९ म्हणजे जे ते आर. शून्याबरोबर २ ते ९ म्हणजे एस ते झेड. आम्हाला बघताक्षणी वाचता यायचं, आता जरा वेळ लागतो.

ओल्या जागी ठेवू नकोस, कार्ड फुगतं. रबरबँड काढून टाक, कडा चावतात.

कर्नल_कोथरूड

पंच_काकू, दंडवत! रविवारची दुपार खिडकीत काढली. बहुतेक कार्डांवर नुसते आकडे, कसले तरी खातेक्रमांक, ती मी पुन्हा गुंडाळून ठेवली. पण एक कार्ड विचित्र आहे. सगळ्यात वरची ओळ डावीपासून उजवीपर्यंत भोकंच भोकं, ऐंशीच्या ऐंशी. आणि खाली फक्त तीन ओळींत भोकं आहेत: १, ३ आणि ८. बाकी कोरं. चाचणीचं कार्ड असेल का?

सॉकसेव्हन

वरची ओळ पूर्ण म्हणजे सगळी अक्षरं ए ते आयमधली. १, ३, ८ म्हणजे फक्त ए, सी आणि एच. यंत्राच्या चाचणीला कुणी असली अक्षरं कशाला निवडेल? क्रम सांग.

कर्नल_कोथरूड

३, ८, १, ८, १. मग पुन्हा तेच. सोळा वेळा.

खारे_दाणे

सी एच ए एच ए. चहा! अहो, चहा चहा चहा चहा.

कर्नल_कोथरूड

आत्ता आजीशी बोललो. आधी तिला ऐकूच येईना, मग इतकी हसली की आईनं फोन काढून घेतला. हॉलमध्ये बोलायला बंदी होती, सुपरवायझरबाईंची नजर सारखी फिरायची. म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला ही गठ्ठ्यात एक कार्ड सरकवायची. व्हेरिफायरवर तिची मैत्रीण. तिला हवा असेल तर ती ऐंशीच्या ऐंशी कॉलम पुन्हा टाइप करायची.

खाच पडून कार्ड परत आलं, की दोघी उठायच्या.