राजमुद्रेची अक्षरं भरून गेली आहेत, टॅटू टिकवायचा कसा?

द्राक्षबाग_निफाड :

नमस्कार. २०१७ ला नाशिकमध्ये उजव्या हातावर, मनगटाच्या वर आतल्या बाजूला राजमुद्रा काढून घेतली होती. बाहेर अष्टकोन, आत ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’पासून ‘राजते’पर्यंत सगळा श्लोक. रुंदी बरोबर दोन इंच, आज पट्टी लावून मोजली. पहिली तीनेक वर्षं अक्षर न् अक्षर वाचता यायचं. आता ‘वर्धिष्णु’तला ‘ष्णु’ म्हणजे नुसता ठिपका झालाय आणि ‘मुद्रा भद्राय’मधले दोन्ही ‘द्र’ भरून गेलेत. रंगही काळा राहिला नाही, हिरवट दिसतो. परवा माझ्या चार वर्षांच्या मुलीनं विचारलं, पप्पा हे काय लिहिलंय? मी श्लोक म्हणून दाखवला, पण बोट ठेवून एकेक अक्षर काही दाखवता आलं नाही. फार वाईट वाटलं.

काम बागेतलं आहे. मांडवाखाली दिवसभर हात वर करून काम, त्यामुळे हाताची आतली बाजू वर राहते. एप्रिलच्या खरड छाटणीत तर वेलीवर पान नसतं, ऊन थेट अंगावर.

मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे. त्याआधी टच-अप करून घेऊ का? ओळखीतला एक पोरगा म्हणतो, वरून परत गिरवून देतो, नव्यासारखा होईल. शिवाय मुलीचं नाव, ज्ञानदा, डाव्या हातावर घ्यायचं मनात आहे. त्याची तरी अशी गत होऊ नये. जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी_वाघ :

भाऊ, रोज आंघोळीनंतर खोबरेल तेल चोळा. माझ्या खांद्यावर त्रिशूळ आहे, सहा वर्षं झाली, तेल लावलं की एकदम चमकते. पैसे घालवायची काही गरज नाही.

सायली_कोथरूड :

माझा अनुभव सांगते. २०१९ मध्ये उजव्या हातावर कमळ काढलं, गुलाबी आणि पिवळ्या रंगात, बाहेरची काळी रेघ जवळजवळ नाहीच. रोज स्कूटरवर कोथरूड ते हिंजवडी. चौथ्या वर्षी पिवळा दिसेनासा झाला आणि गुलाबी असा झाला की लोक विचारायचे, हे भाजल्याचं आहे का? दंडावर त्याच शाईचं एक छोटं फुलपाखरू आहे, ते कायम बाहीखाली असतं. ते अजून छान आहे. दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाकडून काढलेले. तेव्हापासून लांब बाह्या घातल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाही. सनस्क्रीनही लावते, एसपीएफ ५०, पण खरं सांगायचं तर घामानं ते टिकत नाही आणि दर दोन तासांनी परत लावायचं माझ्याच्यानं होत नाही. कापड बरं.

रेघ_कोल्हापूर :

दादा, आधी एक गोष्ट. त्या पोराला हात लावू देऊ नका. मी कोल्हापुरात बारा वर्षं टॅटू काढतेय आणि राजमुद्रा किती काढल्या याची मोजदाद नाही. शिवजयंतीच्या आठवड्यात तर जेवायला उसंत मिळत नाही. त्यामुळे तुमचा हात न बघताही काय झालंय ते मला कळतंय.

श्लोक अनुष्टुभ आहे, म्हणजे ३२ अक्षरं. दोन इंचांतून अष्टकोनाची किनार वजा करा, उरलेल्या जागेत पाच-सहा ओळी बसवा. मात्रा, वेलांट्या, उकार धरून एका ओळीला सात मिलिमीटर मिळतात, म्हणजे अक्षराचं अंग जेमतेम चार मिलिमीटर. त्यात ‘ष’च्या पोटातली जागा किती उरली? मिलिमीटरसुद्धा नाही. आणि त्या पोटातून पुन्हा एक तिरकी रेघ जाते. टॅटूची रेघ पहिल्या दिवशी असते तेवढी राहत नाही, ती वर्षागणिक थोडी थोडी जाड होते, कुणाच्याही हातून काढली तरी. इंग्रजी अक्षरं एकेकटी उभी असतात, त्यांना थोडं चालून जातं. आपल्या लिपीत डोक्यावर शिरोरेघ, त्याच्या वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ‘व’ची गाठ भरली की ‘व’ आणि ‘ब’ एकसारखे दिसतात. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेला जाऊन चिकटतो. तुमचं ऊन नंतर आलं हो, अक्षरं भरायची ती पहिल्याच दिवशी ठरली होती.

हे मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा दीड-दीड इंचाच्या राजमुद्रा काढल्यात, गिऱ्हाईक म्हणालं लहान हवी की लहान. त्यातली पोरं आता परत येतात, हात पुढे करतात, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. महाराजांची मुद्रा आहे, वाचता आली नाही तर काय उपयोग? आता पूर्ण श्लोक हवा असेल तर चार इंचांच्या खाली मी काम घेत नाही. लहानच हवी तर नुसता अष्टकोन आणि आत एखादा शब्द.

शाई नेमकी कुठे बसते ते एकदा समजून घ्या, मग तेल, मलम, गिरवणं यातलं काय उपयोगाचं ते आपोआप कळेल. कातडीचा वरचा थर महिन्या-सव्वामहिन्यात झडून नवा येतो. शाई त्याच्या खालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल असते. तिथे शरीराच्या राखणदार पेशी शाईचे कण गिळून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ती पेशी मेली की कण सुटे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. म्हणजे टॅटू दगडावर कोरल्यासारखा नसतो, आत सतत हातबदल चालू असतो. काही बारीक कण लिम्फमधून वाहूनही जातात. रेघेची धार बोथट होते ती अशी. बाहेरून चोळलेलं कुठलंही तेल तिथपर्यंत पोचत नाही.

वऱ्हाडी दादा, तुमचं तेल वाईट नाही. कोरडी कातडी पांढुरकी पडते, तिच्यातून शाई फिकट दिसते. तेल किंवा साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावलं की वरचा थर नितळ होतो आणि खालचा काळा उठून दिसतो. रोज लावा, चांगलंच आहे. पण त्यानं गेलेली शाई येत नाही. लिंबू, हळद-दही, ब्लीच असलं मात्र काही लावू नका. वजरीनं घासणंही बंद. त्यानं टॅटू निघत नाही आणि उजळतही नाही, कातडी मात्र सोलवटते.

आता हिरवटपणाचं. मनगटावरच्या शिरा बघा. आत रक्त लाल आहे, तरी शीर निळी-हिरवी दिसते ना? कातडीआडून बघितलं की काळी शाईसुद्धा तशीच निळसर, हिरवट दिसते. आणि तुमचा हात बागेत रापलाय, म्हणजे वरचा पडदा आणखी गडद झालाय. शाई जितकी विरळ, तितकं ते जास्त जाणवतं.

इथे माझ्या आजीचं सांगते, कारण मी हे काम तिच्या हाताकडे बघून शिकले. तिच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, जोतिबाच्या यात्रेत गोंदारणीकडून गोंदवलेलं, लग्नाआधी. दिव्याची काजळी आणि सुया, बाकी काही नाही. ती गेली तेव्हा त्याला साठ वर्षं उलटली होती. रेघा बोरूनं काढल्यासारख्या जाड झाल्या होत्या, रंग मोरचुदासारखा, पण वृंदावनाच्या पायऱ्या मोजता यायच्या. चार पायऱ्या, वर दोन पानं, बाजूला पाच ठिपके. लहानपणी मी तिच्या मांडीवर पडून त्या पायऱ्यांवरून बोट चढवत न्यायची. त्या गोंदारणीनं प्रत्येक पायरीमध्ये बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी सोडली होती. रेघा पसरल्या, पण पसरायला त्यांना जागा होती.

काजळी म्हणजे कार्बन, उन्हाला सगळ्यात चिवट. म्हणून काळं टिकतं आणि सायलीताईंचा पिवळा जातो. ऊन रंगाचे कण फोडतं, पिवळा, गुलाबी, पांढरा आधी, काळा सगळ्यात शेवटी. दंडावरचं फुलपाखरू टिकलं हा त्यांनी नकळत केलेला प्रयोगच आहे. तुमच्यासारख्या शेतातल्या माणसाला सनस्क्रीन मी सांगणार नाही, धूळ आणि घाम मिळून त्याचा चिखल होईल. पूर्ण बाहीचा सुती सदरा, बटण मनगटाशी लावलेलं, बस. लग्नाला, प्रवासाला मात्र सनस्क्रीन लावा, एसपीएफ ३० पुरतो, नीट जाड थर हवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. पसरलेली रेघ गिरवून बारीक होत नाही, ती आणखी जाड होते. ‘ष्णु’वर परत सुई फिरली तर जो ठिपका आहे तो डाग होईल. टच-अप फक्त अष्टकोनाच्या बाहेरच्या किनारीला करा, तीही बाहेरच्या कडेनं. किनार ठसठशीत काळी झाली की आतलं सगळं आपोआप नीट दिसायला लागतं, निम्मा फरक तिथेच पडतो.

कधी करायचं हे जास्त महत्त्वाचं. ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम. वरची खपली पडायला दोन आठवडे, आतून भरायला चार ते सहा. खरड छाटणीत कात्री, ऊन, मग वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात तिथे, लावायची पेस्ट. त्या पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाईड हे रसायन धडधाकट कातडी भाजतं, ताज्या टॅटूवर थेंब उडाला तर काय होईल? फवारणीचंही तेच. म्हणून माल गेल्याबरोबर, मार्चच्या सुरुवातीला करा. तेव्हा बागेला विश्रांती देता, तीच हातालाही द्या. छाटणीपर्यंत महिना मिळाला पाहिजे. मिळत नसेल तर लग्नाआधी काहीच करू नका, पावसाळ्यानंतर बघू. आणि त्या दिवसांत शेततळ्यात उतरायचं नाही, विहिरीत पोहायचं नाही. साध्या साबणानं हलकं धुवायचं, टिपायचं, मलमाचा अगदी पातळ थर. खपली ओढली की तिथली शाई तिच्याबरोबर येते.

द्राक्षबाग_निफाड :

ताई, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. त्या पोराला नाही म्हणून कळवलं. माल चार मार्चपर्यंत जाईल असं दिसतंय, म्हणजे जमेल. पण अक्षरांचं काहीच होणार नाही का? आणि ज्ञानदाचं नाव किती मोठं घेऊ? मला आवडलेला नमुना एक इंच लांबीचा आहे, अगदी नाजूक रेघेचा.

रेघ_कोल्हापूर :

अक्षरांना एकच खरा उपाय आहे. लेसरनं आधी फिकट करून घ्यायचं, मग त्यावर मोठी राजमुद्रा. पूर्ण घालवायची गरज नाही, फिकट झालं तरी पुरतं. पण लेसर त्वचारोगतज्ज्ञाकडूनच, टॅटूच्या दुकानात नाही. आपल्या सावळ्या कातडीला चुकीचा लेसर लागला तर पांढरे चट्टे पडतात. डॉक्टरांना विचारा, एनडी-याग १०६४ या प्रकारचा लेसर आहे का. दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवडे सोडतात, शेवटच्या बैठकीनंतरही दोन-तीन महिने थांबायचं. घाई नसेल तर वर्षभराचा कार्यक्रम धरा. ते नको असेल तर किनार करून थांबा, तेही चांगलंच दिसेल.

नावाचं. नाजूक रेघेचा फोटो काढल्या दिवशीचा असतो, पाच वर्षांनंतरचा कुणी टाकत नाही. एक करून बघा. कागदावर ते नाव हव्या त्या मापात पेन्सिलीनं काढा, मग मुलांचं जाड स्केचपेन घ्या, निदान एक मिलिमीटर टोकाचं, आणि त्याच रेघांवरून फिरवा. दहा वर्षांनी हातावर साधारण तेच दिसणार आहे. हात लांब करून वाचा. ‘ज्ञ’ उघडा राहिला तर माप बरोबर. नाही राहिला तर मोठं करा. ‘द’ची शेपटी आणि काना यांच्यातही फट दिसली पाहिजे. जागा मनगटाच्या सांध्यावर नको, तिथे घडी पडते आणि घड्याळाचा पट्टा घासतो. त्याच्या चार बोटं वर घ्या.

द्राक्षबाग_निफाड :

काल रात्री बसून केलं. एक इंचाच्या नमुन्यात ‘ज्ञ’ म्हणजे नुसतं गाठोडं झालं. बारा मिलिमीटर उंचीला वाचता येत होता पण शेजारचा ‘न’ त्याला चिकटला. पंधराला सगळं सुटं झालं. तीन कागद ओळीनं ठेवले आणि मुलीला बोलावलं. अंगणवाडीत अजून ‘ज्ञ’पर्यंत गेले नाहीत, पण स्वतःच्या नावाचा म्हणून तेवढा तिला येतो. तिसऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, हा माझा. पंधरा मिलिमीटर ठरलं ताई. किनारीसाठी सात मार्चला कोल्हापूरला येतो, चालेल का?

रेघ_कोल्हापूर :

या. पोटभर जेवून या, आदल्या रात्री झोप नीट घ्या. आणि तिसरा कागद बरोबर आणा.