अडल्या घराला मुंबईत कोणाचा हात लागला? (अनुभव धागा)

आमच्या सोसायटीत दर दिवाळीला वर्गणी काढून किराण्याच्या पिशव्या वाटतात. यंदा त्यावरून जुंपली. एक गट म्हणाला, पिशव्या कशाला, त्याच पैशात एखाद्या घराची थकलेली फी भरा. वाद मिटला नाही, वर्गणी मात्र जमली. म्हणून हा धागा. आजारपण, गेलेली नोकरी, घरातला कमावता माणूस जाणं, अशा वेळी मुंबईतल्या एखाद्या संस्थेने, मंडळाने, देवस्थानाने तुमच्या घरासाठी नेमकं काय केलं? घेणाऱ्या बाजूने लिहिलंत तर फार बरं. देणारे आपण एरवीही बोलतच असतो. कुणाचं नाव-नंबर देऊ नका, आणि "सगळे खातात" एवढ्या एका वाक्याचा प्रतिसादही नको.

भोईवाडाकर
माझा साडू लातूरकडचा. त्याच्या सहा वर्षांच्या पोराला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि टाटाला आणलं. सगळ्यांना वाटतं खर्च औषधांचा. औषधांचं तिथल्या समाजसेवा विभागाने बरंचसं लावून दिलं, प्रश्न होता राहायचा. केमो म्हणजे कित्येक महिने मुंबई. आमची खोली दहा बाय बाराची, त्यात आम्ही पाच. आणि पोराच्या पांढऱ्या पेशी उतरल्या की त्याला शिळं, उघड्यावरचं काही चालत नाही. परळच्या फुटपाथवर जे जेवण वाटतात त्याने आईबापाचं पोट भरतं, पण ते पोराच्या तोंडात घालता येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. मग हॉस्पिटलमधूनच सेंट ज्यूडच्या केंद्राचं नाव निघालं. कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या कुटुंबांना फुकट राहायला देणारी ही संस्था, २००६ पासून आहे. तिथे मला सगळ्यात पटलं ते स्वयंपाकघर. ओटा सामाईक, पण प्रत्येक बाईची शेगडी वेगळी, कपाट वेगळं, त्यात तिचं तिचं पीठ-मीठ. मेव्हणी ज्वारीची भाकरी थापायला लागली की शेजारची बंगालकडची बाई टक लावून बघायची. पुढे तीही थापायला लागली, नकाशासारखी. पोराला आईच्या हातचं ताजं मिळत होतं आणि बाईला दिवसभर करायला काहीतरी होतं. आयतं ताट दिलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

कांजूरवाली
किराण्याच्या पिशवीबद्दल बोलते. माझी आई चार घरी धुणीभांडी करते. भांडी घासून तिच्या बोटांचे ठसे गेलेत, रेशन दुकानातलं मशीन अंगठा घ्यायचंच नाही. वर दोन धाकट्या भावांची नावं कार्डावर चढलेलीच नव्हती. वस्तीतल्या एका संस्थेच्या ताई आईला घेऊन रेशनिंग ऑफिसला गेल्या, जन्मदाखले लावले, फॉर्म भरला, परत गेल्या, साहेब जेवायला गेलेत म्हणून थांबल्या. प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो धान्य मिळतं. दोन नावं वाढली म्हणजे महिन्याला १० किलो वाढलं. दर महिन्याला, दिवाळी असो नसो. आणि अंगठा लागत नसेल तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने काम होतं, हेही त्याच ताईंनी दुकानदाराला ऐकवलं.

पिशवी आणणाऱ्यांचे फोटो असतात. या ताईंचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

सायनचा_सदू
फोटोवरून आठवलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीत पाच किलो तांदूळ घेताना कॅमेऱ्याकडे बघावं लागायचं. आईने पदर तोंडावर ओढला तर वाटणारा म्हणतो, "मावशी, चेहरा दिसू द्या." तांदूळ घेतले, दुसरं करणार काय. पण त्याच काळात 'खाना चाहिये'वाली मुलं रोजची जेवणाची पाकिटं आणायची. शिस्तीत रांग, हातात पाकीट, पुढे चला. नाव नाही, गाव नाही. मी नंतर महिनाभर त्यांच्याबरोबर पाकिटं उतरवली.

गिरणगावची_नात
माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची. गिरणीतले सडेफटिंग गडी दोन वेळ जेवायचे आणि पगाराला पैसे द्यायचे. मधल्या दिवसांत वाण्याची उधारी, त्यावर व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजीला सही येत नव्हती, ती शिकली ती बँकेसाठी. ८२ च्या गिरणी संपात गडी गावाला गेले, उधाऱ्या बुडाल्या, खाणावळ बसली. तरी आजी मंडळाचं नाव निघालं की ताठ बसायची. "त्यांनी मला भीक नाही घातली, माझ्यावर भरवसा ठेवला," म्हणायची. धर्मादायात हे बसत नसेल तर धागाकर्तीने उडवून टाकावं.

धागाकर्ती
उडवत नाही. उलट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चिकटवते.

माहीमचा_पाव
माहीमच्या दर्ग्याजवळच्या हॉटेलांबाहेर माणसं ओळीने उकिडवी बसलेली असतात, बघितलंय ना? येणारा जाणारा गल्ल्यावर पैसे देतो, "दहा लोगों को खिलाओ", की पुढची दहा उठून आत जातात. समिती नाही, अहवाल नाही. तिथे संपूर्ण कुटुंबंही बसतात, हे सांगायला लिहिलं.

मुलुंडचे_काका
धर्मादाय हॉस्पिटलचा अनुभव देतो, कारण अजूनही निम्म्या लोकांना हे ठाऊक नाही. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना आहे ती. त्यासाठी बाकीच्या पेशंटांच्या बिलांतले २ टक्के वेगळ्या खात्यात जातात, म्हणजे हॉस्पिटल कुणावर मेहेरबानी करत नसतं. मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची: निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार.

माझा भाचा रिक्षा चालवतो. अपघातात मांडीचं हाड मोडलं. एका चकचकीत हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही) काउंटरवरची मुलगी ठामपणे म्हणाली, त्या खाटा भरल्यात. आमच्या ओळखीच्या एका रुग्णमित्राने तिथे उभ्याउभ्या मोबाइलवर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरचा रिकाम्या खाटांचा आकडा दाखवला आणि वरळीच्या त्यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करतो म्हणाला. खाट निघाली. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड एवढ्यावर. तो माणूस आमच्याकडून चहासुद्धा प्याला नाही, म्हणाला दुसऱ्या पेशंटकडे जायचंय. असे लोक शहराला शंभर मिळाले तर कितीतरी घरांचे दागिने वाचतील.

शाळामास्तर_नि.
मंडळांनो, जूनमधलं वह्यावाटप जरा थांबवून विचार करा. पालिकेच्या शाळेतल्या मुलांना २७ वस्तू मोफत मिळतात, दप्तर-वह्यांसकट. त्याच मुलांना तुम्ही पुन्हा डझनभर वह्या देता. पलीकडच्या खासगी शाळेत बाप बेकार झालेल्या मुलाला मात्र कुणी विचारत नाही, कारण त्याचा गणवेश इस्त्रीचा असतो. आमच्याकडे एका मंडळाने गणपतीच्या शिल्लक रकमेतून अशा मुलांची फी थेट शाळेच्या खात्यात भरली, वर्गात एकालाही पत्ता लागला नाही. यादी वर्गशिक्षिकांनी दिली. त्यांना बरोबर माहीत असतं कोणाच्या डब्यात काय येतं.

कपड्यांची_ढीगवाली
गूंज ही जुने कपडे गोळा करून गरजूंना देणारी संस्था, तिच्या शिबिरात मी कपडे निवडायला जाते. कळवळून सांगते: चांगुलपणाच्या नावाखाली एकेक चप्पल, फाटके परकर आणि लग्नातले जरीचे ब्लाउज पाठवू नका. सुती चादरी पाठवा. त्यांचे पाळीसाठी पॅड होतात, ते कोणी कधी मागत नाही आणि लागतात सगळ्यांना.

नवी_सभासद
धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. वडिलांचं डायलिसिस सुरू होणार आहे, आठवड्यातून दोन-तीनदा म्हणतात. घरात मी एकटी कमावती. सुरुवात कुठून करू?

मुलुंडचे_काका
आधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का बघा, डायलिसिस त्यात आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे विचारा. पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभागाला भेटा, त्यांच्याकडे गरीब पेशंटसाठीचा पुअर बॉक्सचा निधी असतो. स्वस्तातलं डायलिसिस परळला नाना पालकर स्मृती समितीत होतं. सिद्धिविनायक न्यासाच्या वैद्यकीय मदतीचा अर्जही भरून ठेवा.

कांजूरवाली
आणि रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांचं पत्र यांच्या झेरॉक्स दहा-दहा काढून ठेवा. प्रत्येक खिडकीवर एकेक सेट जातो. परळच्या बाजूला असाल तर शनिवारी मला सुट्टी असते, मी येते बरोबर. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.