कुकर, हेल्मेटच्या क्वालिटीसाठी सरकारी नियम लागतातच का?

पेठेतली_ताई
बोहरी आळीत कुकर बघत होते, दुकानदार म्हणाला ताई आयएसआय मार्कचं (सरकारी दर्जाचा शिक्का) काय घेऊन बसलात, माल तोच आहे, हा स्वस्तात देतो. नाही घेतला. पण घरी वाद सुरू, यांचं म्हणणं सरकारने यात पडूच नये, माल वाईट असेल तर लोक घेणार नाहीत आणि कंपनी आपोआप बसेल. मला अजिबात पटत नाहीये पण नीट मुद्दा मांडता येईना.

सिंहगड_रोडकर
बिस्किटं, चादरी यांना ते लागू आहे, एकदा फसलो की पुन्हा घेत नाही. कुकरचं तसं नाही ना. शिट्टी चोंदली की आतलं प्रेशर वाढतं, तेव्हा झाकणावरच्या सेफ्टी वॉल्व्हमधला धातू वितळून वाफ बाहेर पडायला हवी. तो धातू वेळेत वितळेल का हे दुकानात उभं राहून कुणाला कळणार? आणि कळेल तेव्हा समोर घरचं कुणीतरी उभं असेल. म्हणूनच २०२१ पासून कुकर आणि हेल्मेट दोन्हीला आयएसआय सक्तीचं केलंय, ते बरोबरच आहे.

भोसरी_वर्कशॉप
नियम हवाच, पण आमच्यासारख्या छोट्या युनिटची बाजूपण ऐका. आयएसआय मार्क लावायच्या लायसन्सची फी, टेस्टिंग, स्वतःची लॅब, हा खर्च मोठ्या कंपनीला जाणवत नाही, आमचा मार्जिन खातो. तरी करतो. राग याचा येतो की लायसन्सवाल्याकडे इन्स्पेक्टर येतो आणि फुटपाथवर बिनमार्क हेल्मेट राजरोस विकणाऱ्याला कोणी विचारत नाही, मग प्रामाणिक माणसाने धंदा कसा करायचा? कायदा आहे तर दुकानात, ऑनलाइन सगळीकडे जाऊन माल तपासा की. २०२२ मधे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला बिनमार्क कुकर विकू दिले म्हणून १ लाख दंड केला आणि २,२६५ कुकर परत घ्यायला सांगितले. कारवाई चांगलीच, पण एवढ्या मोठ्या कंपनीला १ लाख म्हणजे काहीच नाही हो!

सिंहगड_रोडकर
हे मात्र १००% मान्य. ताई, नुसता शिक्का बघून घेऊ नका, खोटा पण मारतात. मार्कच्या खाली सीएम/एल नंबर म्हणजे लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर (हा मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचं) ॲपमधे टाका, कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे का ते दिसतं. जुळलं नाही तर तिथेच तक्रार करता येते, किंवा ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन.

पेठेतली_ताई
ॲप टाकलं, आधी घरातला जुना कुकर बघते. यांना पण हा धागा वाचायला देते.