डेपोत ट्रेनिंगला जाताय? पिट लाइनवर नेमकं काय बघायचं

फिटर, इलेक्ट्रिशियनचा आयटीआय किंवा डिप्लोमा करून घोरपडीला (पुण्यातला रेल्वेच्या डब्यांचा डेपो) नाहीतर मेट्रोच्या डेपोत जाणाऱ्यांसाठी हा अनुभव धागा. 'खूप शिकायला मिळालं' छापाचं नको. कुठला भाग, किती मिलिमीटर, काय चुकतं आणि का, एवढंच लिहा. पिट लाइन म्हणजे खाली खड्डा असलेला रूळ, डबा खालून तपासायचा. सुरुवात मी करतो.

डब्याखाली वाकायच्या आधी रेक (एकत्र जोडलेले सगळे डबे) हलणार नाही असा बांधून घ्या. दोन्ही टोकांना लाल झेंडा, रात्री लाल दिवा, चाकाला स्कॉच (अडवायची पाचर). पॉइंटला (रूळ बदलायच्या सांध्याला) कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. ऑफिसच्या खिळ्याला टांगून ठेवायची नाही. ज्याने झेंडा लावला त्यानेच काढायचा. मेकॅनिकलचं काम उरकलं म्हणून इलेक्ट्रिकलवाले बाहेर आलेत असं होत नाही.

कॅलिपर

एलएचबी (नव्या पद्धतीच्या, डिस्क ब्रेकवाल्या) डब्याच्या ब्रेकबद्दल लिहितो, कारण नव्या पोरांच्या हाताला पहिलं काम हेच लागतं. चार ॲक्सल, प्रत्येकावर दोन डिस्क, म्हणजे डब्याला आठ डिस्क आणि पॅड बघायच्या सोळा बाजू. नवं पॅड 35 मि.मी. जाड, 7 ला बाद. पण 8 दिसलं म्हणून सोडून देऊ नका. गाडी पुढे किती लांब जाणार ते बघून ठरवा. लोणावळ्याकडून कर्जतला उतरणारी गाडी 37 ला 1 च्या उतारावर ब्रेक धरूनच येते. डिस्क प्रत्येक बाजूने 7 मि.मी. झिजली की संपली. तिच्यावरच्या केसासारख्या भेगा चालतात, कडेपासून कडेपर्यंत गेलेली चालत नाही.

पॅड बदलताना आधी त्या बोगीचा (बोगी म्हणजे डबा नाही, डब्याखालचा दोन ॲक्सलचा सांगाडा) आयसोलेटिंग कॉक, म्हणजे हवा तोडायचा कॉक, बंद करा. सिलिंडरमधली हवा सुटल्याचा फुस्स आवाज येऊ द्या, बाजूचा इंडिकेटर हिरवा झाला का बघा, मगच हात घाला. पॅड दोन तुकड्यांत असतं. होल्डरचं लॉक उघडलं की ते खाचेतून खाली सरकतं. नवं जाड पॅड बसत नाही तेव्हा सिलिंडरवरचा ॲडजस्टर फिरवून मागे घ्यायचा; हातोडीने ठोकायचं नाही, कड तुटते. डिस्कच्या दोन्ही बाजूंची पॅड एकदमच बदला. लॉक 'टक' वाजून बसलं पाहिजे. नुसतं बसल्यासारखं दिसतं आणि पॅड वाटेत गळून पडतं, ही नेहमीची चूक.

त्याहून वाईट चूक म्हणजे सगळं नीट करून कॉक बंदच ठेवणं. मग त्या बोगीला ब्रेकच नाही. म्हणून शेवटी तीन-चार वेळा ब्रेक लावून सोडा, ॲडजस्टर जागेवर येतो आणि विसरलेला कॉकही सापडतो.

घोरपडीकर

वरच्याला जोडून, हवेची टेस्ट. बीपी (ब्रेक पाइप) 5 किलो, एफपी (फीड पाइप) 6 किलो. भरून झालं की पुरवठा तोडा आणि घड्याळ लावा: बीपी मिनिटाला 0.2 पेक्षा जास्त पडता कामा नये. पडलं तर साबणाचं पाणी घेऊन आधी दोन डब्यांमधल्या होजच्या जोडावर जा. बहुतेक वेळा तिथलं रबरी वॉशर कडक झालेलं किंवा दुमडलेलं असतं. उगाच डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह (बीपीचा दाब बघून डब्याचा ब्रेक लावणारा-सोडणारा) उघडत बसू नका.

आणि इंजिन बदलल्यावर सगळ्या रेकचे ब्रेक चिकटले तर घाबरायचं नाही. आधीच्या इंजिनाने थोडा जास्त दाब भरलेला असतो, नव्याचा कमी पडतो, म्हणून व्हॉल्व्हला वाटतं ब्रेक लावलाय. प्रत्येक डब्याची रिलीज वायर ओढा. एकही डबा ओढायचा राहिला तर तोच पुढे चाक घासत जाणार.

मापपट्टी

चाकाचे आकडे पाठच करा. दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर 1600 मि.मी., तेही 120 अंशांवर तीन ठिकाणी मोजायचं. फ्लँजची (चाकाची रुळाच्या आतल्या बाजूला राहणारी कड) उंची नव्याला 28.5, बाद 35 ला. जाडी प्रवासी डब्याला 22 च्या खाली नको. चाकावर घासून सपाट झालेली (फ्लॅट) जागा 50 मि.मी. पेक्षा लांब असेल तर डबा सिक लाइनला (दुरुस्तीच्या रुळावर). गेज लावण्याआधी चाक पुसा. मळीवर लावलेलं गेज खोटं बोलतं.

रेंजहिल्स

मेट्रोचं थोडक्यात. वर 25 हजार व्होल्ट. छतावरच्या एसीला हात लावायच्या आधी पॉवर ब्लॉक, मग अर्थिंग रॉड. क्लॅम्प आधी रुळाला, हुक नंतर तारेला. काढताना उलट. उलटसुलट केलं तर रॉड तुमच्या हातात असताना जिवंत होतो.

रेल्वेच्या डब्यांनाही हेच लागू, शिवाय तिथे डब्यांमध्ये 750 व्होल्टची केबल असते. पॉवर कार (डब्यांना वीज पुरवणारा जनरेटरचा डबा) बंद आहे असं कुणी ओरडून सांगितलं तर ते पुरेसं नाही, टेस्टर लावा.

कॅलिपर

@रेंजहिल्स, बरोबर. बॅटरी बॉक्सवरही लिहायला हवं होतं: 110 व्होल्ट डीसी, पान्याला टेप गुंडाळूनच आत घाला, अंगठी-कडं काढा.

नाक दाबून

बायो-टॉयलेटचं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी. टाकीतले जिवाणूच मैला पचवतात. ॲसिड किंवा क्लोरीन ओतलं की ते मरतात, मग दुर्गंधी येते आणि सगळे टाकीला दोष देतात. चोकअपमध्ये निघतं ते पाण्याची बाटली, गुटख्याची पाकिटं, कापड. पाण्याचा फोर्स मारू नका, कापड बॉल व्हॉल्व्हमध्ये आणखी आवळतं. कोपरापर्यंतचे ग्लोव्ह्ज, अडकलेलं ओढायला आकडा (हुक), आणि वरून कुणी फ्लश करणार नाही असा एक माणूस संडासाच्या दारात उभा.

मापपट्टी

पावसाळ्यात पिटमध्ये पाणी साठतं तेव्हा खालून दिसणारी स्प्रिंग अर्धवटच तपासली जाते, आणि तुटते ती सहसा शेवटच्या वेटोळ्यातच. पंप लावून पाणी काढा. टॉर्च समोरून न मारता तिरका मारा. भेगेत गंजाची बारीक तांबडी रेघ असते.