मदत हवी आहे: मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर पायांची आग, प्रीगॅबॅलिन (नसांच्या वेदनेवरचं औषध) पुरत नाही
भावाला (वय ३४) डी-१० पातळीची (पाठीच्या दहाव्या मणक्याजवळ) दुखापत होऊन १४ महिने झाले. कमरेखाली स्पर्श कळत नाही, पण तिथेच रात्रभर आग आणि करंट बसल्यासारख्या कळा. बघवत नाही. त्याच प्रकारच्या गॅबापेंटिनने फरक पडला नाही. आता दोन महिने प्रीगॅबॅलिन १५० मिग्रॅ दिवसातून दोनदा: थोडा आराम, पण पायांवर सूज आणि दिवसभर गुंगी (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेनही चालू आहे). मूत्रपिंड ठीक, लघवीचा संसर्ग किंवा जखम नाही. डॉक्टर अॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन (दोन्ही मूळची नैराश्यावरची, पण नसांच्या वेदनेवरही देतात) जोडू म्हणतात. बद्धकोष्ठता आधीच खूप, ती आणखी वाढेल म्हणून अॅमिट्रिप्टिलिनची धास्ती वाटते. बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करणार. प्रीगॅबॅलिनसोबत ड्युलोक्सेटिन कुणी घेतलंय का? किती आठवड्यांनी झोप लागायला लागली, आणि प्रीगॅबॅलिनचा डोस कमी करता आला का?