पोकरमध्ये ऑल-इनवाल्यासमोर ब्लफ मारला, चुकलं का?

प्रश्न: काल टूर्नामेंटमध्ये एक जण ऑल-इन (सगळ्या चिप्स लावून बसलेला), मी आणि अजून एकाने कॉल केलं (तेवढ्याच चिप्स लावल्या), साइड पॉट (फक्त आम्हा दोघांतला वेगळा पॉट) शून्य. टर्नला (टेबलावरचं चौथं पान उघडल्यावर) मी नुसत्या राजावर, जोडी नसताना, बेट मारली, दुसऱ्याने राणीची जोडी फोल्ड केली (पानं सोडून दिली) आणि ऑल-इनवाला दश्शीच्या जोडीवर वाचला. टेबल माझ्यावर चिडलं ना!

उत्तर १: नियमात बसतं हो, पण ऑल-इनवाला फोल्ड करूच शकत नाही, मग रिकाम्या साइड पॉटसाठी ब्लफ मारून मिळणार काय? चेक केलं असतं (बेट न मारता पुढे जाऊ दिलं असतं) तर राणीने त्याला घरी पाठवलं असतं आणि तुम्ही दोघं बक्षिसाच्या एक पायरी जवळ.

उत्तर २: पण "चल, चेक चेक करू" असं तोंडाने बोलू नका हं, ते संगनमत धरतात, पेनल्टी बसते. भारी हात असेल तर मात्र बिनधास्त बेट मारा.