कामानिमित्त सारखा विमानप्रवास: ब्लूचिप की महाराजा क्लब?

चाकणकर:
मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मानेसरच्या कस्टमरकडे सारखं जावं लागतं, म्हणजे पुणे–दिल्ली. वेळा सोयीच्या म्हणून बहुतेकदा इंडिगो. यंदापासून श्टुटगार्टही मागे लागलंय: मुंबई–फ्रँकफर्ट लुफ्तान्साने, पुढे रेल्वेने. तिकीट कंपनी काढते, उडण्याबद्दल एअरलाइन देते ते पॉइंट आपल्या नावावर पडतात. फुकट तिकिटाचं मला फारसं नाही. पार्टचे सॅम्पल न्यायला जादा सामान आणि रात्रीच्या विमानाआधी धड बसायला जागा मिळाली तरी पुष्कळ. कोणता प्रोग्रॅम धरू, इंडिगोचा ब्लूचिप की एअर इंडियाचा महाराजा क्लब?

ओझरची प्रवासी:
आम्हाला नाशिकजवळच्या ओझरहून दिल्लीला जायचं तर इंडिगोच. त्यामुळे २०२४ मध्ये ब्लूचिप निघाल्यावर लगेच नाव घातलं. देशातले ६० टक्क्यांहून जास्त प्रवासी त्यांच्याकडे आहेत, विमानं भरपूर. फक्त देशातच फिरणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये.

जुना फिरता:
ताईंचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. पण चाकणकर, तुमची गोष्ट वेगळी आहे ती फ्रँकफर्टमुळे. लुफ्तान्सा आणि एअर इंडिया दोन्ही स्टार अलायन्स या एअरलाइनच्या गटात आहेत. इंडिगो त्यात नाही. महाराजा क्लबचं गोल्ड, म्हणजे पुष्कळ उडणाऱ्यांचा वरचा दर्जा, मिळालं की गटभर चालणारं स्टार गोल्ड मिळतं. मग इकॉनॉमीचं तिकीट असलं तरी स्वतःसह एका सोबत्याला लाउंज, चेक-इनला वेगळी रांग, आणि वजनावर सामान असेल तिथे २० किलो जादा, नगावर असेल तिथे एक बॅग जादा. तुमच्या सॅम्पलचा प्रश्न तिथेच सुटतो. माझं स्पष्ट मत: दिल्लीची वारीही जमेल तेवढी एअर इंडियाने करा. त्यासाठी तासभर लवकर उठावं लागलं तरी मी उठेन.

चाकणकर:
म्हणजे लुफ्तान्साचं तिकीट असलं तरी पॉइंट महाराजा क्लबात टाकता येतात?

जुना फिरता:
येतात, पण एका प्रवासाचे एकाच प्रोग्रॅमात. आणि तिकिटावरचं बुकिंग क्लासचं, म्हणजे भाड्याचा प्रकार सांगणारं, अक्षर आधी बघा. कंपनीत तिकिटं काढणारा ट्रॅव्हल डेस्क सगळ्यात स्वस्त भाडं पकडतो, आणि दुसऱ्या एअरलाइनच्या अशा काही क्लासवर पॉइंट नावापुरतेच मिळतात, कधी मिळतही नाहीत. इकॉनॉमीतच थोडं वरचं भाडं मंजूर होतंय का, ते साहेबांना विचारा. एअर इंडियाच्या स्वतःच्या विमानात २०२४ पासून हिशेब भाड्यावर आहे, अंतरावर नाही. महागडं कॉर्पोरेट तिकीट तिथे तुमच्या फायद्याचं.

ओझरची प्रवासी:
अजून एक. मेंबर नंबर डेस्कच्या प्रोफाइलमध्येच भरून ठेवा, आणि नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच. माझं खात्यात लग्नाआधीचं आडनाव होतं, पॉइंट अडकले होते. जमा होईपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका, क्लेम करायला तोच मागतात.

चाकणकर:
आभार दोघांचे. पुढचं दिल्लीचं तिकीट निघायचंय, डेस्कला आजच मेल टाकतो.